पात्यावरचा अंगठा

१

तुम्ही कधी स्वतःच्या अंगठ्याचा ठसा नीट न्याहाळून बघितलाय का? कागदावर मुद्दाम उठवलेला नव्हे हं. आरशावर, स्टीलच्या पेल्यावर, नकळत उठतो तो. नसेल बघितला तर बरंच आहे. ही गोष्ट जिची आहे, तिलाही आता असंच वाटतं की आपण बघितला नसता तर बरं झालं असतं.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुकानाच्या मागच्या खोलीत, यंत्रापुढे, बावीस वर्षं. काचेवर बोट उठलं की ते पुसायचं, हा हाताला लागलेला नादच होता. दुकानात तिला सगळे काचवाल्या बाई म्हणायचे, आणि घरी नवरा खुशीत असला की तोही तेच म्हणायचा.

तिला एकच छंद होता. जुने वस्तरे दुरुस्त करायचे. मुठीत मिटणारे, गंजून पडलेले, कुणालाही नको असलेले. भंगारातून आणायचे, मूठ सोडवायची, तेल आणि बारीक पॉलिश पेपरनं गंज काढायचा, मग तीन दगडांवर पाण्यानं धार लावायची. आधी खरखरीत, मग मऊ, मग इतका मऊ की दगड आहे का काच आहे कळू नये. शेवटी चामड्याचा पट्टा. डोक्यावरचा एक केस उपटायचा, धारेवर नुसता टेकवायचा. तुटला आणि आवाज आला नाही, तर काम झालं.

"बायका स्वेटर विणतात," शेजारच्या काकू म्हणायच्या. "तू वस्तरे घासतेस. कुणाची हजामत करायचीय तुला?"

"अजून ठरवलं नाही काकू. तुमच्या घरचे कसे आहेत?"

काकू हसत सुटायच्या.

घरात खरं तर वस्तऱ्याचा काही उपयोग नव्हता. नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा, दिवसभर दारोदार फिरायचा, आणि दर चौथ्या दिवशी ट्रिमर फिरवून दाढी उरकायचा. मुलगी कॉलेजात होती. राहता राहिले सासरे.

पहिला वस्तरा तिला त्यांनीच दिला होता. ते पुस्तकं बांधायचे. बांधणीचं कातडं पातळ करायला त्यांच्याकडे एक गंजका वस्तरा होता. "तुला घासायची सवय आहे," म्हणाले, "हा बघ तुझ्या हाताला येतो का." तिनं तो चार दिवस घासून परत दिला तेव्हा त्यांनी त्यात स्वतःचं तोंड बघितलं होतं आणि सगळ्या गल्लीला दाखवत सुटले होते, की हे आमच्या सुनेनं केलं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. अंगठा आत, बोटं वर. आणि बोलणं गेलं. एकच शब्द राहिला. नको.

"चहा घेणार बाबा?"

"नको." आणि डावा हात कपासाठी पुढे.

सुरुवातीला सगळे रडले. मग सवय झाली, मग त्याची गंमत झाली. मुलगी त्यांच्या पलंगावर चढून म्हणायची, "आजोबा, मला स्कूटर घेऊन देऊ नका हं!"

"नको."

"बघा, देतायत! पप्पा, ऐकलंत ना?"

तेही हसायचे, अर्ध्या तोंडानं.

२

हा वस्तरा तिला भंगारवाल्याकडे एका पत्र्याच्या डबीत मिळाला. शेजारी वाळून तडकलेली साबणाची गोल चकती होती. तिला कडवट वास होता, कडुनिंबाचाही नव्हे आणि औषधाचाही नव्हे. मुलीनं नाक मुरडून ती तेव्हाच कचऱ्यात टाकली.

पातं रुंद होतं, मूठ शिंगाची. गंज होता, पण वरवरचा. पात्यावरची झीज बघून ती एक गोष्ट ओळखू शकायची. इतके वस्तरे हाताखालून गेले होते तिच्या. स्वतःची दाढी करणारा माणूस अंगठा दांड्याच्या मधोमध टेकवतो. दुसऱ्याची करणारा तो जरा पुढे, पात्याच्या मुळाशी धरतो, कारण त्याला मनगट बाहेर वळवावं लागतं. या पात्याच्या मुळाशी अंगठ्याएवढा खळगा झिजला होता.

"हा न्हाव्याचा होता," तिनं जेवताना सांगितलं.

"कशावरून?" नवऱ्यानं विचारलं.

"यानं दुसऱ्यांच्याच दाढ्या केल्यात."

"मग माझीही कर म्हणावं. फुकटात." त्यानं मान वर करून डाव्या कानाखाली हात फिरवला. "नाहीतरी इथं काहीतरी झालंय. बघ ना. केस उगवतच नाहीयेत."

तिनं बघितलं. कानाखाली रुपयाएवढी जागा गुळगुळीत होती. बाकी गालावर तीन दिवसांचे खुंट.

"चाई पडली असेल," ती म्हणाली. "दाखवा डॉक्टरांना."

"पप्पा, तुम्ही मधूनच टकले होणार," मुलगी म्हणाली. "टीव्हीसारखे, एकेक चॅनल बंद."

वस्तरा तयार व्हायला नऊ दिवस लागले. बाल्कनीला काचा लावून केलेल्या छोट्या खोलीत तिचं टेबल होतं. रविवारी सकाळी केस टेकवला आणि तो तुटला. इतकी चांगली धार तिच्या हातून कधीच लागली नव्हती. नेहमीप्रमाणे ती आधी सासऱ्यांना दाखवायला गेली. पातं कापडात धरून, उघडं, उजेडात.

"बघा बाबा. कसा झालाय?"

"नको," सासरे म्हणाले.

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की त्यांनी डावा हात पुढे केला नव्हता. तो उजव्या मुठीवर दाबून धरला होता.

३

पोलादाला उघडं बोट लावायचं नाही, हा तिचा पहिला नियम. बोटाचा घाम लागला की एका दिवसात तिथं तांबूस गंज धरतो, आणि थेट बोटाच्या रेषांसकट. म्हणून ती काम झाल्यावर पातं तेलाच्या फडक्यानं पुसायची, तेलकट कागदात गुंडाळायची आणि खणात ठेवायची.

सोमवारी दुकानातून आल्यावर तिनं कागद उघडला. पात्याच्या मुळाशी, त्या खळग्यात, एक अंगठा उठला होता.

तांबूस, स्वच्छ, एकेक रेष मोजून घ्यावी असा. मध्ये भोवरा, आणि भोवऱ्यातून तिरकी गेलेली एक कोरी चीर.

तिला रागच आला. तिनं भिंग लावलं, आपला अंगठा बघितला. चीर नाही. मग आपण काल कापड नीट धरलं नसेल असं म्हणणंही खुंटलं. तिनं दोन तास घासून ठसा काढला, पातं पुसलं, गुंडाळलं.

मंगळवारी तो परत होता.

आता गंज असा येतो बरं का. वरून घासला तरी खोल मुरलेला असला की पुन्हा डोकं काढतो. जुन्या मालकाचा ठसा असेल, पार आत बसलेला, तिनं स्वतःला सांगितलं. बुधवारी तिनं अधिक खोल घासलं. जिथं घासलं तिथं पातं आरशासारखं झालं. गुरुवारी त्या आरशावर अंगठा होता, पण जरासा सरकून, पुढे. मुरलेला गंज जागा बदलत नाही.

"माझ्या टेबलाला कोण हात लावतं?" तिनं रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"मी तर नाही," मुलगी म्हणाली. "मला त्या खोलीत तेलाचा वास सहन होत नाही."

"माझ्याकडे काय बघतेस?" नवरा म्हणाला. "मी लोकांच्या मोऱ्यांत वाकून आलोय दिवसभर. मला हौस नाही."

तो बोलताना मान खाजवत होता. कानाखालची जागा आता जबड्यापर्यंत उतरली होती. डॉक्टरांनी मलम दिलं होतं. "वेळ लागेल म्हणाले," तो सांगत होता. "पण आग नाही, खाज नाही, काही नाही. नुसतं गुळगुळीत. ट्रिमर लागला नाही तिथं आठवडाभर."

आतल्या खोलीतून सासरे म्हणाले, "नको."

"बाबांना भात हवाय," नवरा म्हणाला, आणि उठला.

४

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून दोन गोष्टी आणल्या. शिक्क्याचा शाईचा पॅड, आणि काच घासायची गुलाबी पूड, मैद्याहून बारीक.

"रांगेत या सगळे," ती म्हणाली. ती हसत होती.

"आई, खून झालाय का?"

"अंगठा दे मुकाट्यानं."

मुलीचा घेतला, नवऱ्याचा घेतला. दोन्ही हातांचे. काकू मिरच्या मागायला आल्या होत्या, त्यांचाही घेतला. "जमीन लिहून घेतेयस की काय माझी?" काकू म्हणाल्या. "घे बाई, दोन कुंड्या आहेत, त्या तुझ्या."

सासऱ्यांच्या डाव्या अंगठ्याचा घेतला. उजव्या मुठीशी ती थांबली.

"तो राहू दे," नवरा म्हणाला. "उघडताना दुखतं त्यांना. आणि तो हात कुठे जाणारे?"

"नको," सासरे म्हणाले.

भिंगाखाली एकही ठसा जुळला नाही. कुणाच्याच अंगठ्यावर तिरकी चीर नव्हती.

झोपण्याआधी तिनं बाल्कनीच्या फरशीवर, टेबलावर, खणाच्या कडेवर गुलाबी पूड भुरभुरवली आणि दार ओढून घेतलं. सकाळी उठून पाहिलं तर पूड जशीच्या तशी होती. पालीचंसुद्धा पाऊल नव्हतं. खण उघडला, कागद उघडला. अंगठा होता.

मग तिनं कधी नव्हे ते केलं. भिंतीला टेकून खाली बसली आणि स्वतःशीच मोठ्यानं बोलली, "याला काहीतरी कारण असणार."

पण कारण काही सापडेना.

५

शनिवारी दुपारी दुकानाची वीज गेली आणि ती तीन तास आधीच घरी आली. घरात सासऱ्यांखेरीज कुणी नव्हतं. ते दुपारी निजायचे, काकू मधूनमधून डोकावून जायच्या. तिनं चपला काढल्या, आणि तशीच उभी राहिली.

बाल्कनीतून आवाज येत होता. सर्र, टप. सर्र, टप.

हा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. चामड्याच्या पट्ट्यावर पातं ओढायचं, टोकाशी पाठीवर उलटवायचं, परत आणायचं. नवखा माणूस पातं धारेवर उलटवतो, आणि एका फटक्यात धार मुडपते. हा नवखा नव्हता. तिच्याहून संथ, तिच्याहून हलका. ऐकताना तिला भीतीआधी, खरं सांगायचं तर, हेवा वाटला.

ती दारापाशी पोचली तेव्हा आवाज थांबला. खोली रिकामी होती. वस्तरा खणात, कागदात. खिळ्याला टांगलेला पट्टा मात्र हलत होता, हळूहळू, थांबत चाललेल्या झोपाळ्यासारखा. खिडक्या बंद होत्या.

वारा असेल, तिच्या मनात आलं. बंद खिडक्यांतून कसला वारा, तेही लगेच आलं.

मग आतल्या खोलीत पलंग करकरला.

तिनं दाराच्या फटीतून बघितलं. सासरे जागे होते, उताणे पडलेले. त्यांचा उजवा हात, आठ महिने लाकडासारखा पडून असलेला हात, वर उचललेला होता. कोपर उंच, मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं, बोटांत काहीच नाही आणि तरी काहीतरी नीट धरलेलं. हात हवेत छोटे छोटे झटके देत होता. वरून खाली. थांबून, पुसून, पुन्हा वरून खाली. सराईत.

आणि डाव्या हातानं सासऱ्यांनी ते उजवं मनगट घट्ट धरलं होतं. ते जीव खाऊन त्याला खाली ओढत होते. मानेच्या शिरा टरारल्या होत्या. उजवा हात जराही दबत नव्हता. त्याला जणू माहीतच नव्हतं की कुणी ओढतंय.

त्यांनी मान वळवली आणि तिला बघितलं.

"नको," ते म्हणाले. गाल ओले होते. "नको, नको, नको."

तिनं दार ढकललं तसा हात खाली पडला. मूठ मिटली.

६

तिनं त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं. मग पलंगाच्या कडेवर बसून ती मूठ मांडीवर घेतली, तिच्यावर गरम पाण्याचं फडकं ठेवलं आणि एकेक बोट सोडवलं. ते डोळे मिटून पडून राहिले.

अंगठ्याच्या मधोमध तिरकी जुनी चीर होती. पुठ्ठा कापताना कधीतरी लागलं असणार. तिला भिंगाची गरज पडली नाही. नखात पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. तिनं ते टोकरून वास घेतला. कडवट. कडुनिंबाचाही नव्हे, औषधाचाही नव्हे.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बंद होत गेला.

"बाबांना कूस बदलता येत नाही," तो म्हणाला. "मी रोज बदलतो. मला सांगतेस की ते उठून तुझ्या खणातून वस्तरा काढतात?"

"ते उठतात असं मी म्हटलंच नाही."

"मग काय म्हणतेस?"

"मी एवढंच म्हणतेय," ती म्हणाली, "की त्या हाताला ते पातं मिळालं, तर सगळ्यात जवळचा गळा त्यांचाच आहे. तुम्ही हसा मला. पण मला त्यांना गमवायचं नाहीये हो."

तो हसला नाही. "झटके येत असतील हाताला," म्हणाला. "डॉक्टरांना विचारू सोमवारी. आणि तो वस्तरा टाकून दे. कटकट नको."

पण तयार धारेचं पातं कचऱ्यात कसं टाकायचं? सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईचा हात जायचा. तिनं ठरवलं, रात्रीपुरता तो बाबांपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवायचा आणि सकाळी भंगारवाल्याच्या हातात द्यायचा. त्याआधी धार मारायची.

धार लावायला नऊ दिवस लागतात. मारायला एक क्षण. काचेचा पेला उपडा करायचा, त्याच्या कडेवर पातं उभं धरून ओढायचं. तिनं कधी केलं नव्हतं. दोनदा हात मागे घेतला. मग ओढलं. काचेवर असा आवाज झाला की मुलगी आतून ओरडली, "आई, काय करतेयस?" तिनं अजून तीनदा ओढलं. केस टेकवून पाहिला. वाकला, तुटला नाही. तळहातावर पातं दाबलं. नुसती पांढरी रेघ उठली. पोटच्या पोराला चापट मारल्यासारखं तिला झालं.

सासऱ्यांची खोली घराच्या एका टोकाला, नवरा-बायकोची दुसऱ्या टोकाला. तिनं वस्तरा आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. मग सासऱ्यांना सांगायला गेली, म्हणजे ते निवांत झोपतील.

"बाबा, काळजी करू नका. त्याची धार मारून टाकली. आणि लांब ठेवलाय. आमच्या खोलीत, कपाटात."

सासऱ्यांनी डोळे विस्फारले.

"नको," ते म्हणाले.

"अहो, झालंय. मिटलं."

"नको!" त्यांनी डाव्या हातानं तिचा पदर धरला. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या मागे, दारात, नवरा गळ्याभोवती टॉवेल टाकून उभा होता. मान खाजवत, त्या गुळगुळीत जागेवर मलम चोळत. ते त्याच्याकडे बघत होते. "नको. नको. नको."

"मीच बसतो थोडा वेळ त्यांच्याजवळ," नवरा म्हणाला.

"नको!" सासरे ओरडले, इतक्या मोठ्यानं की पलीकडून काकूंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं म्हणून.

तिनं त्यांची बोटं पदरापासून सोडवली, गोळी दिली, पांघरूण सारखं केलं. ते झोपेपर्यंत नको म्हणत होते. आठ महिन्यांत त्यांनी तो शब्द हजारदा म्हटला असेल. तिनं दिवा मालवला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती उठली. किल्ली गळ्यात होती आणि कपाटाला कुलूप होतं. कुलूप काढून तिनं तेलकट कागद उघडला, सवयीनं एक केस उपटून धारेवर टेकवला, आणि तो आवाज न होता तुटला. पातं ओलं होतं. खोलीत त्या कडवट साबणाचा वास भरला होता. नवरा उताणा झोपला होता, शांत, श्वास चालू. त्याचा डावा गाल कानापासून जबड्यापर्यंत आणि तिथून खाली गळ्याच्या घाटीपर्यंत स्वच्छ झाला होता आणि उजव्या बाजूला चार दिवसांचे खुंट तसेच होते. हनुवटीवर, दाढी करताना कातडी ताणायला धरतात तिथं, तांबूस अंगठा उठला होता, मध्ये भोवरा आणि तिरकी चीर. ती धावत आतल्या खोलीत गेली. सासरे जागे होते आणि छताकडे बघत होते, आणि त्यांची उजवी मूठ पांघरुणावर उघडी पडली होती. तिनं विचारलं, बाबा, चहा घेणार? तेव्हा ते काहीच म्हणाले नाहीत.